बायोस अपडेट फसला म्हणण्याआधी: प्रोसेसर बदलताना या चुका टाळा

साताऱ्याहून आतेभावाचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. "दादा, मदरबोर्ड गेला." बायोस (मशीन चालू होताना सर्वात आधी चालणारं, बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) अपडेट केला, नवा प्रोसेसर बसवला, पंखे फिरतायत, पण डिस्प्ले येत नाही. बोर्डावरचा सेल काढून झाला, रॅम पुसून झाली, चार व्हिडिओ बघून झाले. मी विचारलं, आधी प्रोसेसर कोणता होता? "रायझन ३ २२००जी." आणि आता? "रायझन ५ ५६००." पुढे जी आहे का? "कसला जी?"

उत्तर तिथेच मिळालं. एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझनमध्ये नावापुढे जी असेल तर ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं. नुसत्या ५६०० मध्ये ते नसतं. याच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं आणि मॉनिटरची एचडीएमआय वायर वर्षानुवर्षं बोर्डालाच लावलेली. बायोस व्यवस्थित अपडेट झाला होता, प्रोसेसरही धडधाकट होता, फक्त चित्र काढणारं कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मित्राचं जुनं कार्ड लावलं आणि डिस्प्ले आला. गंमत म्हणजे बोर्डावर ‘व्हीजीए’ लिहिलेला छोटा दिवा आदल्या रात्रीपासून पेटून हेच सांगत होता.

‘अपडेट फसला’ म्हणून माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक प्रकरणांत अपडेट फसलेला नव्हताच. कधी तो सुरूच झालेला नसतो, कधी झालेला असतो पण घोटाळा भलतीकडे असतो, आणि क्वचित खरोखर अर्धवट राहून चिप बिघडलेली असते. या तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. घाबरून तिसऱ्याचा इलाज दुसऱ्यावर केला, की चांगला चाललेला बायोस आपल्याच हाताने मरतो.

आधी हे का करावं लागतं

एएम४ हे एएमडीचं सॉकेट रायझनच्या पहिल्या पिढीबरोबर २०१७ मध्ये घरोघरी पोचलं आणि ५००० मालिकेपर्यंत टिकलं. म्हणजे २०१८ च्या बी४५० बोर्डावर २०२२ चा प्रोसेसर बसतो. बसतो, पण बोर्डाला तो ओळखू यायला हवा आणि ती ओळख बायोसमध्ये असते. अडचण अशी, की त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसची चिप फक्त १६ एमबीची होती. एवढ्याशा जागेत सगळ्या पिढ्या मावेनात. एमएसआय या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने नंतर ३२ एमबीची चिप टाकून ‘मॅक्स’ नावाचे बोर्ड काढले ते यासाठीच. मे २०२० मध्ये तर एएमडीने ४०० मालिकेच्या बोर्डांवर (बी४५० त्यातलाच) पुढचे प्रोसेसर चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं. गिऱ्हाइकांनी एवढा गदारोळ केला की त्याच महिन्यात निर्णय फिरवावा लागला.

आपल्याकडे हा अपग्रेड एवढा चालतो त्याचं कारण उघड आहे. बोर्ड आणि डीडीआर४ रॅम तीच ठेवून नुसता प्रोसेसर बदलला की मशीन आणखी चार-पाच वर्षं निघतं.

नाव अर्धवट वाचणं

‘माझा बोर्ड बी४५० आहे’ ही माहिती पुरेशी नाही. बी४५०एम डीएस३एच आणि बी४५०एम डीएस३एच व्ही२ हे दोन वेगळे बोर्ड आहेत, त्यांचे बायोस वेगळे. टॉमाहॉक, टॉमाहॉक मॅक्स आणि मॅक्स २ यांचंही तेच. शिवाय गिगाबाइटच्या बोर्डांवर कोपऱ्यात रिव्हिजनचा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो, तोही जुळायला हवा. खोक्यावर विसंबू नका, सेकंडहँड घेतलेल्या बोर्डाचं खोकं तर दुसऱ्याच बोर्डाचं असू शकतं. कॅबिनेट उघडा, टॉर्च मारा, बोर्डावर छापलेलं वाचा. विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडलं की बोर्डाचं नाव आणि सध्याच्या बायोसची आवृत्ती दोन्ही दिसतात. त्याचा फोटो काढून ठेवा.

चुकीची फाइल दिली तर बोर्डाचं स्वतःचं साधन (असुसचं ईझी फ्लॅश, गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश, एमएसआयचं एम-फ्लॅश, एएसरॉकचं इन्स्टंट फ्लॅश) सहसा ती नाकारतं. ‘इनव्हॅलिड फाइल’ असा संदेश आला तर जीव भांड्यात पडू द्या, कारण चिपवर अजून काहीही लिहिलं गेलेलं नाही. जबरदस्तीने लिहायच्या युक्त्या शोधत बसू नका. फाइल दुसऱ्या बोर्डाची आहे, झिपमधून बाहेर काढलेली नाही किंवा पेन ड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचा आहे, यांपैकी काहीतरी असतं. पेन ड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून छोटा घ्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यात ती एकच फाइल ठेवा.

शेवटच्या पायरीवर थेट उडी

कंपनीच्या पानावर सर्वात वरची फाइल नवी, म्हणून तीच घ्यायची, ही सवय इथे अंगाशी येते. काही बोर्डांना २०१८ च्या बायोसवरून थेट आजच्यावर जाता येत नाही; मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते. प्रत्येक आवृत्तीखालची बारीक टीप वाचा, ‘आधी अमुक आवृत्ती टाका’ असं तिथेच लिहिलेलं असतं. तेच प्रोसेसरच्या यादीचं. ‘५००० मालिका चालते’ एवढ्यावर थांबू नका, तुमच्या नेमक्या चिपसमोर कमीत कमी कोणती आवृत्ती दिली आहे ते बघा. ५६००एक्स २०२० मध्ये आला, ५६०० आणि ५८००एक्स३डी एप्रिल २०२२ मध्ये. मधल्या काळातला बायोस पहिल्याला पुरेल, शेवटच्याला पुरेलच असं नाही.

याची उलटी बाजू कमी लोकांना माहीत असते. एएसरॉकने आपल्या काही बोर्डांच्या नव्या बायोसखाली स्पष्ट लिहिलं आहे, की पिनॅकल, रेवन, समिट किंवा ब्रिस्टल रिज (ही जुन्या प्रोसेसरांची सांकेतिक नावं) प्रोसेसर वापरत असाल तर हा बायोस टाकू नये. २२००जी हा रेवन रिजच. म्हणजे अशा बोर्डावर नवा बायोस टाकल्यावर जुना प्रोसेसर नीट चालेलच याची खात्री नाही, आणि ‘जुना परत लावून बघू’ या नेहमीच्या परीक्षेचा निकाल फसवा ठरतो. तशी टीप नसेल तर मात्र क्रम पक्का ठेवा: जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करा, जुन्यावरच एकदा विंडोजपर्यंत जा, आवृत्तीचा आकडा बदलला का ते बघा, मगच मशीन बंद करून नवा बसवा. अपडेट आणि अदलाबदल एका दमात केली की बिघाड कुठे झाला ते कळायला मार्ग राहत नाही.

आणि हो, नवा आठवडाभर चालेपर्यंत जुना विकू नका. ऑनलाइन जाहिरात टाकायची घाई सगळ्यांनाच असते.

गुरुवारी फ्लॅश करणं

फ्लॅश करणं म्हणजे चिपवर नवा बायोस लिहिणं. ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर. आमच्या भागात गुरुवार हा देखभालीसाठी लाइट जाण्याचा वार. हे मला ठाऊक होतं, पण घरात यूपीएस होता. त्याची बॅटरी चार वर्षं जुनी आहे हे मात्र लक्षात नव्हतं. अपडेट साठेक टक्क्यांवर असताना लाइट गेली, यूपीएसने एक लांब शिटी मारली आणि स्क्रीन काळी. त्यानंतर त्या बोर्डाने पंखे फिरवण्यापलीकडे काही केलं नाही. हा खरा फसलेला अपडेट.

यूपीएस असेल तर अपडेटच्या आधी मशीन चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करा आणि दहा मिनिटं बघा. म्हाताऱ्यासारखी थकलेली बॅटरी असेल तर ती दोन मिनिटांतच मान टाकते. रॅमचं एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) आणि असेल तर ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा वेगाने चालवणं) आधी बंद करा. विंडोजच्या आतून बायोस लिहिणारी सॉफ्टवेअरं मिळतात. मी ती वापरत नाही. मागे ब्राउझर, अँटिव्हायरस आणि विंडोजचा स्वतःचा अपडेट चालू असताना चिप पुसायला मला धीर होत नाही.

अपडेटची पट्टी एका आकड्यावर थांबली तर हात बांधून बसा, निदान अर्धा तास. अपडेट झाल्यावर मशीन आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होतं आणि नव्या प्रोसेसरबरोबर पहिल्यांदा चालू होताना रॅमची जुळवाजुळव करायला काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. याच वेळी लोक पॉवरचं बटण दाबून धरतात.

डिस्प्ले येत नाही: आता काय?

बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे आहेत का ते आधी बघा. कोणत्यावर अडलंय ते कळलं की निम्मं काम झालं. व्हीजीएवर असेल तर आतेभावाची गोष्ट आठवा. डीरॅमवर असेल तर एकच रॅम ठेवा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत. मग वायर भिंतीतून काढून सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा किंवा सीमॉसच्या (बायोसची सेटिंग्ज साठवणारा भाग) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. जुनी सेटिंग्ज नव्या बायोसला झेपत नाहीत, असं बऱ्याचदा होतं.

सीपीयूचा दिवा असेल तर प्रोसेसर काढावा लागेल, आणि इथे खरी नासधूस होते. एएम४ प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट कूलरला इतकी चिकटते की कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेला असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडं तापू द्या. चालतच नसेल तर हेअर ड्रायरने कूलर कोमट करा. मग कूलर डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवा.

कधी डिस्प्ले येतो, पण इंग्रजीत एक भीतीदायक मजकूर दिसतो: नवा सीपीयू बसवलाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्यांची तिजोरी) बदललंय, वाय दाबा किंवा एन. हे बिघडल्याचं लक्षण नाही. मात्र डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल आणि वाय दाबलंत, तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन असेल तर एन्क्रिप्शन तुम्हाला न विचारता चालू झालेलं असू शकतं. म्हणून प्रोसेसर बदलण्याआधीच खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. आत्ता की हाताशी नसेल तर एन दाबा.

बायोस उघडतो, पण विंडोज सापडत नाही? अपडेटमध्ये सगळी सेटिंग्ज कोरी होतात. जुनं विंडोज एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर असेल आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी बायोसमधली सेटिंग) बंद झालं असेल तर बूट डिस्क दिसत नाही. सीएसएम चालू करून बघा. विंडोज पुन्हा टाकायची गरज नसते.

खरंच मेला असेल तर

मागच्या बाजूला ‘बायोस फ्लॅशबॅक’, ‘फ्लॅश बायोस’ किंवा ‘क्यू-फ्लॅश प्लस’ असं बटण आहे का पाहा. असेल तर तुम्ही नशीबवान, कारण प्रोसेसर किंवा रॅम नसतानाही बायोस लिहिता येतो. एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) २४ पिनांची आणि वरची ८ पिनांची वायर लावा, पेन ड्राइव्ह खूण केलेल्या त्याच यूएसबीत घाला. फाइलचं नाव बदलावं लागतं: एमएसआयला ‘एमएसआय डॉट रॉम’, गिगाबाइटला ‘गिगाबाइट डॉट बिन’, एएसरॉकला ‘क्रिएटिव्ह डॉट रॉम’, असुसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्राम असतो. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसू द्या, नाहीतर ‘डॉट बिन डॉट बिन’ होतं आणि बोर्ड पेन ड्राइव्हकडे ढुंकूनही बघत नाही. दिवा लुकलुकत राहिला तर काम चालू आहे. असुसवर पाचेक सेकंद लुकलुकून तो स्थिर झाला तर फाइल किंवा पेन ड्राइव्ह पसंत पडलेला नाही.

माझ्या बोर्डाला हे बटण नव्हतं. मग चिपवर थेट लिहिणं उरलं: आठ पायांची काळी चिप, तिला पकडणारा चिमटा आणि सीएच३४१ए नावाचा स्वस्त प्रोग्रामर. घरी करणार असाल तर आधी चिपवरचा नंबर भिंगाने वाचा. काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या. १.८ च्या चिपला अडॅप्टरशिवाय हा प्रोग्रामर लावला तर चिप जळू शकते. लिहिण्याआधी आतलं जे काही असेल ते दोनदा वाचून सेव्ह करा. दोन्ही फाइली सारख्या आल्या तरच चिमटा नीट बसलाय. मी तीनदा बसवला, चौथ्यांदा जमलं.

एवढी खटपट नको असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चिप लेव्हलचं काम करणारे विचारून सापडतात. जाताना नुसता बोर्ड नेऊ नका. बोर्डाचं पूर्ण नाव, रिव्हिजन, अपडेटआधीची आवृत्ती आणि योग्य फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा, आणि तिथे कोणी ‘बोर्डच बदला’ म्हणालं तर आधी विचारा, चिप वाचून बघितली का.