घड पुढे, यादी मागे: क्रीम-शाम्पूचं लेबल कसं वाचायचं

नाशकात द्राक्षबियांच्या तेलाची सीरम आणि फेसवॉश सगळीकडे दिसतात. पुढे घडाचं चित्र, आणि तेल किती हे मागे मुंगीएवढ्या अक्षरांत. दुकानातच मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहावी लागते. बहुतेक क्रीममध्ये पहिलं नाव 'ॲक्वा', म्हणजे साधं पाणी. फक्त १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही मागेपुढे लिहिता येतात. ही रेषा कुठे सुरू होते ते छापत नाहीत, पण 'फिनॉक्सीइथेनॉल' शोधा. माल टिकवण्यासाठी घालतात ते, आणि त्याची कमाल मर्यादाच १ टक्का. 'व्हायटिस व्हिनिफेरा सीड ऑइल', म्हणजे आपलं द्राक्षबियांचं तेल, त्याच्याही खाली असेल तर १०० ग्रॅम क्रीममध्ये ते फार तर १ ग्रॅम. पैसे चित्राचे. रेटिनॉलला (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) मात्र हा न्याय लावू नका, ते टक्क्याच्या अंशातही काम करतं.

पॅराबेन हीसुद्धा माल टिकवणारी रसायनं. 'पॅराबेन-फ्री' वाचलं की विचारायचं, मग त्याऐवजी काय घातलंय? पाणी असलेली क्रीम काहीतरी घातल्याशिवाय टिकत नाही. 'मिथाइलआयसोथायाझोलिनोन' हे टिकवणारं रसायन दिसलं आणि त्वचा नाजूक असेल, तर बाटली परत ठेवा. ॲलर्जीमुळे युरोपात २०१७ पासून ते न धुता लावून ठेवायच्या क्रीममध्ये चालत नाही. 'अनसेंटेड' म्हणजे बिनवासाचं, या शब्दावरही विसंबू नका. मूळ वास झाकायला त्यात सुगंध घातलेला असू शकतो. यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' हे शब्द नाहीत ना, ते बघा.

हिरवा ठिपका शाकाहारी असल्याचा, व्हीगन असल्याचा नव्हे. शाकाहारात दूध-मध बसतं, व्हीगनमध्ये नाही. 'सेरा अल्बा' म्हणजे मधमाश्यांचं मेण, 'लॅनोलिन' मेंढीच्या लोकरीतलं. लिपस्टिकमध्ये 'सीआय ७५४७०' असेल तर तो लाल रंग कोचिनील किड्यांचा. जैन घरांत हा आकडा पाठच असावा.

सशाचं चित्र वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतं. प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी आणि तशा मालाची आयात भारतात २०१४ पासून बंद आहे. कंपनीने स्वतःच काढलेल्या सशाने त्यात फारशी भर पडत नाही. 'लीपिंग बनी' हे बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे, कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंत जातं. कंपनीचं नाव त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीत तपासता येतं. आणि ससा असलेल्या लिपस्टिकमध्येही किड्यांचा रंग असू शकतो.

सगळ्यात जपून घ्यायची ती 'हर्बल' काळी मेंदी. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी-तपकिरी येतो. अर्ध्या तासात केस काळेभोर होत असतील, तर यादीत 'पॅरा-फिनिलीनडायअमाइन' हा रासायनिक डाय शोधा. 'आधी त्वचेवर चाचणी घ्या आणि भुवया-पापण्यांना लावू नका' ही सूचना अशा डायवर छापणं सक्तीचं आहे. कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबा. खाज किंवा सूज आली तर तो डाय पुन्हा कधीच नाही.

गोरं करणाऱ्या क्रीमवर 'बीटामेथासोन', 'क्लोबेटासोल' किंवा 'मोमेटासोन' असेल, तर ते स्टेरॉइडचं औषध आहे, प्रसाधन नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नका.

शेवटी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत. आयात माल असेल तर परवान्याऐवजी नोंदणी क्रमांक, आणि आयातदाराचा पत्ताही. यातलं काही नसेल तर स्वस्त असला तरी सोडा. आणि खोकं लगेच फेकू नका: अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची वेळ आलीच, तर बॅच नंबर लागेल, आणि बऱ्याचदा तो फक्त खोक्यावरच नीट वाचता येतो.