पॉवर अवर कोल्हापुरात खेळायचा असंल तर

खेळ सोपा हाय. एक तास, दर मिनिटाला बियरचा एक शॉट, एकही मिनिट चुकवायचं नाही, साठ झाले की संपलं. अमेरिकेतल्या कॉलेज पोरांचा खेळ, पॉवर अवर म्हणतात त्याला. आपल्याकडं कुणाला सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, एवढ्याशा घोटानं काय होतंय भावा, आम्ही बाटली तोंडाला लावणारी माणसं.

होतंय. आधी हिशोब बघा.

अमेरिकेतला शॉट ४४ मिलीचा. साठ शॉट म्हणजे २६४० मिली, आपल्या ६५० च्या चार बाटल्या, आणि त्या पण तासाभरात, मधे जेवण नाही गप्पा नाही. आपला पेग ३० चा, त्यानं धरलं तरी १८०० मिली, पावणेतीन बाटल्या. पाच टक्केवाली माइल्ड असंल तर पोटात ७० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल गेलं, आणि लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच काढतंय, बाकी सगळं रक्तात फिरत बसतंय. सत्तर किलोच्या माणसाचं गणित मांडलं तर गाडी चालवायच्या कायदेशीर मर्यादेच्या चौपट. आणि आपल्याकडं बियर म्हटलं की निम्मी पोरं स्ट्राँगच आणतात, तिच्यात आठ टक्क्यांपर्यंत असतंय, म्हणजे तेच १८०० मिली पण अल्कोहोल ११० ग्रॅमच्या वर. म्हणून माझं म्हणणं सरळ हाय, माप १५ मिली आणि बियर माइल्ड. मजा घड्याळात आणि आरडाओरड्यात असते, माप मोठं केलं म्हणून ती वाढत नाही, फक्त चाळिसाव्या मिनिटाला कोणतरी बाथरूममधनं बाहेर येत नाही.

१५ च्या मापानं एका माणसाला ९०० मिली लागते, दीड बाटली धरून चला, थोडी सांडतेच. माप कुठलं तर खोकल्याच्या औषधाबरोबर प्लास्टिकचं छोटं झाकण येतंय, त्यावर खुणा असतात, धुऊन घ्या म्हणजे झालं. कटिंगचा ग्लास घेऊ नका, त्यात अंदाज चुकतोय आणि ईर्षेला पेटलेला माणूस काठोकाठ भरतोय.

बियर बाटलीतनं डायरेक्ट झाकणात ओतायला गेलात तर नुसता फेस येणार आणि पुढचं मिनिट वाजलं तरी फेस बसलेला नसणार. खेळ सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पाण्याच्या जगमधे काढून ठेवा, जग तिरका धरून हळू ओता, थोडा गॅस उडून जाऊ दे. चिल्ड कमी झाली तरी चालतंय, उलट गॅस कमी असल्यानं पोट फुगत नाही. पॉवर अवरमधे अर्धी माणसं नशेनं नाही, पोट फुगून बाद होतात.

घड्याळासाठी मोबाईलवर इंटरव्हल टायमर लावा, साठ सेकंदाला बीप, साठ वेळा. पण खरी पद्धत गाण्यांची. साठ गाण्यांचे एकेक मिनिटाचे तुकडे जोडायचे, गाणं बदललं की घोट घ्यायचा. अमेरिकेत याचे तयार अल्बम निघालेत, नावाच्या ट्रेडमार्कवरनं भांडणं झालीत. आपण आपली यादी करावी, लावणी, हलगी, शाळेतली प्रार्थना, जाहिरातीची ट्यून, काय वाट्टेल ते, आणि प्रत्येक दहाव्या मिनिटाला हलगीचा तुकडा टाकावा म्हणजे न मोजता कळतंय किती झाले. डॉल्बीची हौस मात्र आवरा, शेजारी पण माणसंच आहेत.

एक माणूस न पिणारा पाहिजे. टाइमकीपर. त्याच्या हातात टायमर, वही आणि सगळ्यांच्या गाड्यांच्या चाव्या, आणि त्याचा शब्द शेवटचा, तो म्हणला तू थांब की थांबायचं, मग तो वयानं लहान असला तरी. १५ च्या मापानं खेळलात तरी तासानंतर रक्तातलं प्रमाण मर्यादेच्या वरच असतंय, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच सूट आहे, आणि पहिल्यांदा सापडलं तरी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत, किंवा दोन्ही. त्यामुळं जिथं खेळायचं तिथंच झोपायचं. एकवीसच्या खालच्यांना बोलवायचं नाही, आणि रोजचं पाच रुपयाचं परमिट असतंय ते पण घेऊन ठेवा, कुणी बघत नाही म्हणतात पण कायदा हाय.

आता खाणं. कोल्हापुरात बसायचं म्हणजे आधी पिणं आणि मग रात्री साडेअकराला तांबडा-पांढरा, हा क्रम या खेळाला चालत नाही. उपाशीपोटी साठ घोट म्हणजे सगळं झपकन चढतंय. आधी अळणी रस्सा, अर्धी भाकरी, थोडं सुक्कं एवढं पोटात पाहिजे, पण गच्च जेवून पण बसू नका, बियरला जागा राहत नाही. मधे चकणा म्हणून खारे शेंगदाणे, काकडी. तिखट फार नको, त्यानं आणि पाणी पाणी होतंय. पाण्याची बाटली प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवायची, आणि बाथरूमला जायला पूर्ण मोकळीक. काही ठिकाणी तासभर उठायचंच नाही असला नियम असतोय, तो मूर्खपणा आहे.

बाहेर हा खेळ वेगवेगळ्या रूपात चालतोय. शंभर मिनिटात शंभर शॉट केले की अमेरिकेत सेंच्युरी क्लब, तेच इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडं सेंच्युरियन. तीसच्या मापानं ते तीन लिटर होतंय, कुणी कितीबी सांगितलं तरी याच्या नादाला लागू नका. अमेरिकेच्या मिनेसोटात पॉवर अवर म्हणजे आणि वेगळंच, एकविसाव्या वाढदिवसाच्या रात्री बारा वाजल्यापास्नं बार बंद होईपर्यंत जेवढं जमंल तेवढं ढोसायचं, आणि त्यात पोरं इतकी अडचणीत यायला लागली की तिथं कायदाच केला, एकवीस वर्षं पूर्ण झाली असं वाढदिवसाच्या सकाळी आठ वाजता धरायचं, रात्री बाराला नाही. न्यूझीलंडमधे एकविसाव्याला यार्ड ग्लास देतात, जवळपास तीन फूट लांब नळीसारखा ग्लास, एका दमात संपवायचा. बॉब हॉक म्हणून ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होऊन गेले, त्यांनी ऑक्सफर्डमधे शिकत असताना अडीच पाइंट, म्हणजे जवळपास १.४ लिटर बियर, ११ सेकंदात संपवून रेकॉर्ड केलं होतं आणि पुढं राजकारणात त्याचा तोटा न होता फायदाच झाला म्हणून स्वतःच सांगायचे. जर्मनीत दोघं मिळून बियरचा क्रेट उचलून चालतात आणि पोचायच्या आत तो रिकामा करायचा असतोय. आणि बियर माइल म्हणजे ट्रॅकवर चार राउंड, प्रत्येक राउंडच्या आधी एक बियर, उलटी झाली तर आणखी एक राउंड. पन्हाळ्याच्या चढावर हे करू असं कोणतरी म्हणणारच, त्याला तिथंच गप्प करा.

आपल्याकडं चालतील असे प्रकार सांगतो. पहिला, फुटबॉलचा. पेठांचा फुटबॉल शाहू स्टेडियमवर जाऊन शुद्धीत बघायचा, तिथं हे धंदे नकोत, पण रात्री टीव्हीवर परदेशातली मॅच असंल तर फक्त पहिला हाफ खेळायचा, ४५ मिनिटं, ४५ घोट, वरच्या इंज्युरी टाइमला घोट नाही. गोल झाला तर घोट न घेता एक मिनिट सुट्टी, ही सुट्टीच माणसांना सगळ्यात जास्त आवडते. दुसरा, दोन मिनिटाचा, तासात तीसच घोट, वयस्कर मंडळींना आणि ज्यांना मधे बोलायचं असतंय त्यांना हाच बरा. तिसरा मिक्स, ज्यात न पिणारे पण बसतात. त्यांना ताक. ताक पिणारा सगळे साठ पूर्ण करतोय आणि वर शेवटच्या पंधरा मिनिटात बाकीच्यांना जी बोलणी खावी लागतात त्याच्याकडनं, त्यासाठी तरी एक ताकवाला पाहिजेच. गंगावेशीत समोर पिळून मिळणाऱ्या धारोष्ण दुधाची आठवण काढून कुणी म्हशीचं दूध सुचवलं तर नको म्हणा, बियर पिणाऱ्यांच्या शेजारी बसून ६० घोट कच्चं दूध, वासानंच दोघं जातील.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मागं ठेवला होता. मिनिट चुकलं तर दंड म्हणून जादा घोट, असं बहुतेक ठिकाणी असतंय आणि तिथंच खेळ बिघडतोय, कारण ज्याला झेपत नाही म्हणून चुकलं त्यालाच आणखी पाजायचं. आपल्यात तर ईर्षा एवढी की माणूस मरंल पण नको म्हणणार नाही. म्हणून दंड पिण्यात नको. जो चुकला तो बाहेर, आणि दुसऱ्या दिवशीची भांडी त्याच्या नावावर.

तास संपला की बियर पण संपली. शेवटचे घोट चढायला पुढचा अर्धा-पाऊण तास लागतोय, म्हणजे साठाव्या मिनिटाला ठणठणीत वाटणारा गडी जेवताना आडवा होतोय, त्यामुळं त्यावर क्वार्टर फोडायची नाही. कोण आडवा झालाच तर कुशीवर झोपवा, पाठीवर नाही, आणि टाइमकीपरनं अधनंमधनं हलवून बघावं. हाका मारून उठत नसंल, श्वास फार सावकाश चालला असंल, अंग गार पडलं असंल तर लिंबू-बिंबू पाजत बसू नका, १०८ ला फोन. झोपला की उतरंल असं म्हणून खोलीत एकट्याला टाकायचं नाही.

जिंकलं कोण, हा प्रश्न सकाळी मिसळ खाताना हमखास निघतोय. पॉवर अवरला विजेता नसतोय, साठ केले ते सगळे सारखेच. हे कोल्हापुरात कुणाला पटत नाही, म्हणून वहीत बघून शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं नाव निघंल त्याची मिसळ बाकीच्यांनी द्यायची. ताकवाल्याचं नाव पण चिठ्ठीत पाहिजे, आणि निघतंय पण त्याचंच.