भाताला युरिया टाकायच्या आधी भांगलण उरकून घ्या

शिराळ्याकडं धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या रानात पेरणी) केलेल्यांनी तर हे नक्कीच बघा, कारण पेरभातात भाताबरोबरच तण उगवतं आणि तण असताना युरिया टाकला की भाताच्या आधी तणच तरारतं. म्हणून आधी कोळपणी, भांगलण (खुरप्यानं तण काढणं), मग युरिया, आणि टाकताना खाचरातलं जास्तीचं पाणी काढून टाका म्हणजे खत वाहून जात नाही, दोन-तीन दिवसांनी परत पाणी भरा.

युरियात 46 टक्के नत्र असतं, ते एकदम देऊ नका. रोपलावणीला निम्मं लावणीच्या वेळी, बाकीचं फुटवे येताना आणि लोंबी धरायच्या सुरवातीला. जास्त नत्रानं पात काळपट हिरवी, लुसलुशीत होते, बघायला लई भारी वाटतं पण करपा रोग आणि तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) त्याच प्लॉटवर पहिले येतात.

तुडतुडे वरून दिसत नाहीत हो, चूड (भाताचा झुबका) बाजूला करून बुंध्याशी बघायचं. दिसले तर पाणी काढा, युरिया थांबवा, लगेच फवारायची घाई नको, कोळी (स्पायडर) खाचरात असतील तर ते तुडतुडे खातात आणि औषधानं आधी तेच मरतात.

पाटण, जावळीकडं लावणीवाल्यांनी रोपांचे शेंडे खुडून लावा, खोडकिड्याची अंडी तिथंच असतात.