घरात स्कूटर एक, चालवणारे तिघं: निवडायची कशी?

घरची स्कूटर क्वचितच एकाची असते. सकाळी आई तिच्यावरून मुलाला शाळेत सोडून बँकेत जाते, दुपारी आजोबा पोस्टात जाऊन येतात, संध्याकाळी बाबा दळण आणि भाजी आणतात. शोरूममध्ये पसंतीला मात्र घरातला सगळ्यात उंच माणूस जातो आणि स्वतःला शोभेल अशी गाडी बुक करून येतो. मग काही महिन्यांनी घरात ऐकू येतं, "नको बाई, जड आहे ती, मी रिक्षानंच जाते." उंच माणूस बुटकी गाडी आरामात चालवतो, उलटं जमत नाही. त्यामुळे गाडी घ्यायची ती घरातल्या सगळ्यात कमी उंचीच्या आणि कमी ताकदीच्या चालकाच्या मापानं. पुढचं सगळं हे गृहीत धरून लिहिलंय.

१. आधी आठवडा कागदावर मांडा

कोण, कुठे, किती किलोमीटर, मागे कोण बसतं आणि सोबत काय असतं, एवढंच लिहायचं. शाळा २ किलोमीटर, मंडई ३, ऑफिस ६, गिरणी गल्लीच्या टोकाला. मागे बसणाऱ्या सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसतात का, हेही लिहा. त्यावरून मागच्या सीटची रुंदी, धरायचा दांडा आणि पाय टेकायची पट्टी बघावी लागते. घराच्या रस्त्यात चढ आहे का, पार्किंगमधून गाडी उलटी ढकलत काढावी लागते का, याचीही नोंद हवी. पुण्याच्या पेठांत किंवा रत्नागिरीच्या उतारांवर राहणाऱ्यांना हा शेवटचा प्रश्न सीसीपेक्षा महत्त्वाचा.

२. अ‍ॅव्हरेजचं भूत उतरवा

"कितना देती है" हा प्रश्न आपल्या अंगात मुरलेला आहे. आता हिशोब करू. रोज १० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २५० किलोमीटर. एक गाडी लिटरला ५० देते, तिला ५ लिटर लागलं. दुसरी ४० देते, तिला सव्वासहा लिटर. फरक सव्वा लिटरचा. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला साधारण १३० रुपये. एवढ्यासाठी न झेपणारी गाडी घेण्यात अर्थ नाही. रोज ४० किलोमीटर जाणाऱ्यानं अ‍ॅव्हरेज जरूर बघावं, पण त्याच्यासाठी हा लेख नाही.

कंपनीचा आकडा आणि तुमचा आकडा जुळणार नाही, हेही सांगून ठेवतो. इंजिन गरम व्हायच्या आतच जवळची फेरी संपते, त्यात दर चौकात सिग्नल आणि दर गल्लीत गतिरोधक.

३. पेट्रोल की इलेक्ट्रिक?

जवळच्या फेऱ्यांसाठी इलेक्ट्रिक स्कूटर खरोखरच सोयीची आहे, पण एका अटीवर: गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे तुमच्या मीटरवरचा प्लग हवा. स्वतःचं घर किंवा बंगला असेल तर प्रश्न मिटला. सोसायटी असेल तर आधी कमिटीची लेखी परवानगी, मग तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर कोण आणि कुठून ओढणार ते ठरवा, त्यानंतर शोरूम. चौथ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून चार्जिंग करायचा विचार सोडून द्या.

पैशाचं गणित असं. वरच्याच २५० किलोमीटरला चार्जरमधला अपव्यय धरून दहाएक युनिट लागतील. युनिटला १५ रुपये धरले तरी १५० रुपये. ४५ अ‍ॅव्हरेजच्या पेट्रोल गाडीला ५८० च्या आसपास. म्हणजे वर्षाला पाचेक हजारांची बचत, शिवाय इंजिन ऑइल आणि पीयूसी नाही. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतल्या फरकाला या पाच हजारांनी भागा. उत्तर तीन-चार वर्षं आलं तर इलेक्ट्रिक घ्या. आठ वर्षं आलं तर पैशासाठी तरी घेऊ नका.

बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून देणार, हे लेखी मागा. सर्व्हिस सेंटर तुमच्याच गावात आहे का ते बघा. मोठ्या शहरात चालून जातं, पण तालुक्याच्या गावी बंद पडलेली इलेक्ट्रिक गाडी टेम्पोत घालून जिल्ह्याला न्यावी लागली तर सगळी बचत त्या भाड्यात जाते. पेट्रोल गाडीला निदान कोपऱ्यावरचा मेकॅनिक हात लावतो.

४. बसून बघा, ढकलून बघा, स्टँडवर लावून बघा

माझ्या मते निवडीचा खरा निकाल इथे लागतो, आणि याच पायरीला लोक दोन मिनिटंही देत नाहीत.

घरातले सगळे चालक शोरूममध्ये जा. रोजच्याच चपला-बूट घालून जा. साडी किंवा पंजाबी ड्रेसवर गाडी चालवणार असाल तर तेच नेसून-घालून जा. अ‍ॅक्टिवाच्या सीटची उंची साधारण ७६५ मिलिमीटर, अ‍ॅक्सेस १२५ ची ७७३. कागदावर फरक जेमतेम ८-९ मिलिमीटरचा. पण सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. दोन्ही पायांचे निदान चवडे नीट टेकले पाहिजेत, आणि ब्रेक दाबायला बोटं ताणावी लागता कामा नयेत.

मग गाडी बंद ठेवून, शेजारी उभं राहून ती मागे ढकला आणि फरशीवर अर्धं वळण घ्या. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांचं वजन १०० ते ११० किलोंच्या दरम्यान असतं. यामाहा फसिनो १२५ सारखी एखादी ९९ किलोंची भेटते, आणि तो फरक ढकलताना कळतो. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या याहून जड असतात, पण वजन खाली असल्यामुळे चालताना ते जाणवत नाही. पार्किंगमध्ये मात्र चांगलंच जाणवतं.

शेवटी डबल स्टँड. इथे सेल्समन लगबगीनं पुढे येतो, "मॅडम, मी लावतो." त्याला थांबवा. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांड्यावर. पायानं स्टँड खाली दाबायचा, त्याचे दोन्ही पाय एकाच वेळी फरशीला टेकले की गाडी सरळ झाल्याचं कळतं. मग शरीराचं सगळं वजन स्टँडच्या पट्टीवर द्यायचं. हातांनी गाडी उचलायची नसते, हात फक्त तिला मागे वाट दाखवतात. पद्धत नीट असूनही दोन-तीन प्रयत्नांत गाडी चढली नाही, तर ती गाडी या घराची नाही. "सवय होते मॅडम" हे उत्तर ऐकून घ्या आणि दुसरी गाडी बघा. सवय साइड स्टँडची होते, आणि साइड स्टँडवर गाडी जास्त जागा खाते.

५. दळणाचा डबा आणि डिकी

आता सामान. घरून एक रिकामी भाजीची पिशवी, तुमचं हेल्मेट आणि मुलाचं दप्तर घेऊन जा. दळणाचा डबा न्यायला लाजत असाल तर त्याचं माप घेऊन जा. पाय ठेवायची जागा सपाट आहे का, आणि डबा ठेवल्यावर पायांना जागा उरते का? हँडल पूर्ण वळवलं की हुकाला लटकवलेली पिशवी गुडघ्याला अडते का? 'स्पोर्टी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्कूटर इथेच नापास होतात. मधला भाग उंच, पाय ठेवायला दोन अरुंद कोनाडे. तरुणांना चालेल, पण पाच किलो गहू आणि एक कलिंगड घेऊन यायचं असेल तर चालणार नाही. हुकाला किती वजन चालतं ते पुस्तिकेत दिलेलं असतं आणि ते आपल्या समजुतीपेक्षा बरंच कमी असतं. जड वस्तू खाली ठेवा.

डिकीचे लिटर फसवे असतात. अ‍ॅक्टिवाची १८ लिटरची डिकी, ज्युपिटर १२५ ची ३३ लिटरची. पण तुमचं हेल्मेट त्यात बसून सीट बंद होते का, ते स्वतः करून बघितल्याशिवाय खरं मानू नका. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट अनेक डिक्यांत बसत नाही. २०२४ मध्ये आलेली एथर रिझ्टा तर आपली जागा ५६ लिटर सांगते, पण त्यात पुढच्या ऐच्छिक कप्प्याचे २२ लिटर मिळवलेले आहेत. पेट्रोलचं झाकण कुठे आहे तेही बघा. सीटखाली असेल तर दर वेळी पंपावर मागच्या माणसानं उतरायचं आणि सामान हलवायचं.

६. चालवून बघताना

एकट्यानं शोरूमसमोर एक चक्कर म्हणजे टेस्ट राइड नव्हे. मागे कुणाला तरी बसवा, जवळचा चढ गाठा, चढावर थांबा आणि तिथून गाडी काढा. ११० सीसी की १२५ हे इथे ठरतं. सपाट गावात आणि बहुतेक वेळ एकटा चालक असेल तर ११० पुरते. रोज डबलसीट असेल आणि वाटेत चढ किंवा उड्डाणपूल असेल तर १२५ घ्या. जास्त वेगाचा इथे संबंध नाही. भार असताना इंजिनाची ओढाताण कमी होते, एवढंच कारण.

एखादा गतिरोधक आणि खड्ड्यांचा तुकडाही पार करा. मागच्या माणसाला विचारा, तुमच्या पाठीपेक्षा त्याच्या पाठीला जास्त कळतं. अ‍ॅक्टिवा आणि अ‍ॅक्सेसचं पुढचं चाक १२ इंची, मागचं १०. ज्युपिटरची दोन्ही १२. मोठं चाक खड्ड्यात कमी आपटतं. टायर ट्यूबलेस हवेत. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकला स्टेपनी असायची, आज ती मिळत नाही आणि पंक्चर तर तेवढीच होतात. (गाडी कलवून किक मारण्याची कसरत गेली, हे मात्र बरं झालं.) किकवरून आठवलं: जवळच्या फेऱ्यांत सेल्फ वारंवार मारला जातो आणि बॅटरी चार्ज व्हायला वेळ मिळत नाही. पेट्रोल गाडीला किक असेल तर ती असू द्या.

ब्रेकचं थोडक्यात. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. स्कूटरमध्ये बहुधा कॉम्बी असतो, म्हणजे डावा ब्रेक दाबला की मागच्यासोबत पुढचाही थोडा लागतो. मागे ड्रम चालतो. पुढे डिस्क मिळत असेल आणि बजेटमध्ये बसत असेल तर घ्या, पावसाळ्यात पैसे वसूल होतात.

७. मुलांचा हिशोब वेगळा

कायद्यानं दुचाकीवर चालक आणि मागे एकच माणूस. आई-बाबा आणि मध्ये मूल हे चित्र कितीही घरगुती वाटलं तरी ते ट्रिपल सीट आहे. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला मागे नेताना चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० च्या आत ठेवावा लागतो. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवंच. पुढे उभं केलेलं मूल जोराचा ब्रेक लागला की हँडलवर आपटतं, आणि संध्याकाळी दमून आलेलं मूल उभ्या उभ्या पेंगतंही.

अकरावीतल्या मुलासाठी म्हणून गाडी घेत असाल तर थांबा. १६ व्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं, आणि १०० सीसीवरची घरची स्कूटर त्यात बसत नाही. मूल अल्पवयीन असताना गाडी चालवताना सापडलं तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २५० वॅटच्या आतली, ताशी २५ च्या वर न जाणारी इलेक्ट्रिक गाडी विनालायसन्स चालते. क्लासला जाण्यापुरती ती पुरेशी आहे.

८. कोटेशन वाचायला शिका

तोंडी भाव ऐकू नका, ओळीओळीनं लिहिलेलं ऑन-रोड कोटेशन मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे. त्यानंतर येतो आरटीओचा कर आणि नोंदणी. मग विमा: थर्ड पार्टी ५ वर्षांचा सक्तीचा, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेता येतो. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा दर फोनवर काढून दाखवलात की बहुधा तिथलाच दर खाली येतो.

मग 'हँडलिंग चार्जेस'. हा शब्द आरटीओच्या कुठल्याच पावतीत नसतो. कशाचे पैसे, असं शांतपणे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. गार्ड, सीट कव्हर, मॅट यांचं 'कम्पल्सरी किट' हाही तसलाच प्रकार. हवं ते घ्या, उरलेलं खोडा. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी हवी असेल तर ही घासाघीस आठवडाभर आधी उरका. मुहूर्ताच्या दिवशी हार-पेढे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी कुणी भाव करत नाही.

९. ताब्यात घेताना

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून बघा, उत्पादनाचा महिना विचारा, किलोमीटर बघा. दोन्ही किल्ल्या घ्या. किल्लीचा नंबर असलेला पत्रा मिळाला तर तो घरी जपून ठेवा, डुप्लिकेट करताना लागतो. पहिल्या पंपावर हवा तपासा, कारण शोरूममधून येताना ती बहुधा जास्तच भरलेली असते. मागच्या टायरचा आकडा एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा असतो.

पहिली सर्व्हिस ठराविक किलोमीटर किंवा ठराविक दिवस, यांतलं जे आधी येईल तेव्हा करायची असते. जवळच्या फेऱ्या मारणाऱ्यांचे दिवसच आधी भरतात. मीटरवर ३०० च झाले म्हणून थांबू नका, पुस्तिकेतली तारीख कॅलेंडरवर लिहा.