भंगारातली मोटर उचलण्याआधी

घरी बिअर लावायचा रविवार ठरला असेल तर माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) भरडायला आणि ढवळायला लागणाऱ्या मोटरची शोधाशोध निदान महिनाभर आधी सुरू करा. आमच्याकडे न्यू जर्सीत मोठा कचरा उचलायच्या आदल्या संध्याकाळी लोक वॉशिंग मशीन, ट्रेडमिल रस्त्याकडेला आणून ठेवतात. (घरी स्वतःपुरती बिअर करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं १९७९ पासून मुभा आहे. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. विकायची मात्र नाही.) उचलण्याआधी बेल वाजवून विचारा. एका आजोबांनी तर मला आतून हातगाडी काढून दिली.

काम आधी ठरवा, मोटर मागाहून. माल्ट भरडायच्या दोन रोलरच्या गिरणीला २०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास पुरे. फार पळवली की सालींचा चुरा होतो, पीठ जास्त पडतं आणि मॅश (गरम पाण्यात भिजवलेली भरड) असा गच्च बसतो की खाली थेंब उतरत नाही. आपल्याला लापशीसारखी भरड हवी. जुन्या टॉप लोडर वॉशिंग मशीनची मोटर इथे बहुधा १७२५ आरपीएमची असते. मोटरवर दीड इंची पुली आणि गिरणीवर बारा इंची लावली की वेग आठपट उतरून २१५ वर येतो. तेव्हा दोन्ही पुल्या आणि पट्टा आधीच आणून ठेवा. नव्या फ्रंट लोडरच्या मोटरला बहुतेकदा तिचाच इलेक्ट्रॉनिक बोर्ड लागतो. ती भानगड नको.

ट्रेडमिल मिळाली तर मोटरबरोबर तिचा कंट्रोलरही काढा, कारण ती डीसी असते, घरच्या एसी विजेवर थेट चालत नाही. तिच्या फ्लायव्हीलचे आटे बऱ्याचदा उलटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी कुठल्या बाजूला फिरवतोय ते बघा. मॅश ढवळायला गाडीच्या वायपरची मोटर उत्तम: १२ व्होल्ट, आत वर्म गिअर, वेग कमी पण दम भरपूर. यीस्ट वाढवायला लागणारं चुंबकी ढवळणं कॉम्प्युटरच्या पंख्यावर आणि जुन्या हार्ड डिस्कमधल्या चुंबकावर भागतं. वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप मात्र वर्टसाठी (मॅशमधून गाळलेल्या गोड पाण्यासाठी) अजिबात नको. साबणाचा गाळ आणि खाण्यासाठी न बनलेलं प्लॅस्टिक, त्यातून गरम वर्ट गेला तर काय प्यायचं?

मोटर सोडवताना तारा कापायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असेल तर त्यातली वीज रेझिस्टरमधून उतरवा आणि मल्टिमीटरनं खात्री करा. मायक्रोवेव्ह उघडायच्या फंदात पडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

वेग कमी करायला मी पहिल्या वर्षी वॉशिंग मशीनच्या मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावला होता. मोटर गुरगुरली, अर्धवट फिरली आणि पाच मिनिटांत गॅरेजभर जळकट वास. वेग पडला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच (वेग आला की उघडणारा) सुरुवातीची, म्हणजे मोटर चालू करण्यापुरती लागणारी, गुंडाळी तोडतच नाही, ती तापत राहते. वेग पुलीनंच उतरवायचा.

बसवायच्या दिवशी मोटरच्या बॉडीला अर्थिंग, पट्ट्यावर जाळी, जीएफसीआय सॉकेट (वीज गळली की लगेच तोडणारं) आणि हाताच्या अंतरावर बंद करायचं बटण एवढं झालेलं असू द्या. भरडणं दार उघडं ठेवून करा, कारण माल्टची धूळ पेट घेते आणि कार्बन ब्रशच्या मोटरमधून ठिणग्या उडतात. आधी रिकामी गिरणी दहा मिनिटं फिरवा, मग मोटरला हात लावून बघा. चटका बसला तर माल्टची पिशवी त्या दिवशी फोडू नका.