ऑटोफोकस कधी लागतो, कधी लागत नाही? आधी तो 'कधी' पकडा

ऑटोफोकस पूर्ण मेला असेल ना तर एक प्रकारे बरं असतं, सरळ रिपेअरला द्यायचं आणि मोकळं व्हायचं. डोकं खातो तो मधूनच दगा देणारा. दहा फोटो टकाटक येतात, अकराव्याला लेन्स घर्र घर्र करत पुढेमागे फिरत बसते, आणि रिपेअरवाल्यासमोर ठेवला की कॅमेरा एकदम शहाण्या बाळासारखा चालतो. डॉक्टरच्या दारात ताप उतरतो ना, तसं.

म्हणून आधी काही दिवस एकच करा, फोकस चुकलेले फोटो डिलीट करू नका. प्रत्येक फाइलच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत आपोआप साठणाऱ्या माहितीत, फोकल लेंथ (किती झूम होता ते), अ‍ॅपर्चर, शटर स्पीड वगैरे सगळं नोंदलेलं असतं, त्यामुळे असे पंधरा-वीस फोटो शेजारीशेजारी लावले की बऱ्याचदा काहीतरी कॉमन सापडतंच. सगळे ठरावीक झूमवर चुकलेत? की सगळे अंधारातले आहेत? की एकाच लेन्सचे?

आणि हो, मुळात तो फोकसचाच प्रॉब्लेम आहे का तेही बघा. अख्ख्या फोटोत सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हललाय किंवा शटर स्पीड कमी पडलाय. चेहरा सॉफ्ट पण मागची भिंत कडक शार्प असेल तर फोकस चुकलाय. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये धूसर दिसतंय पण फोटो मस्त येतायत, तर व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं चाक, म्हणजे आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायचं चाक, फिरलंय, एवढंच.

आता बटणं. हसू नका, निम्म्या केसेस इथेच संपतात. लेन्सवरचा एएफ-एमएफ (ऑटो की मॅन्युअल फोकस) स्विच बॅगेत घासून सरकतो, कधीकधी अर्धवट मध्येच अडकतो आणि मग फोकस चालूबंद चालूबंद होत राहतो. बऱ्याच टेलिफोटो (लांबचं टिपणाऱ्या) आणि मॅक्रो (अगदी जवळचं टिपणाऱ्या) लेन्सवर अजून एक स्विच असतो, फोकस लिमिटर, तो ठरावीक अंतराच्या पलीकडेच फोकस करू देतो. मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवलीये, लांबचे पक्षी झकास आणि जवळच्या फांदीवरचा आला की लेन्स ठप्प, मोटर गेली म्हणून हळहळत बसलो होतो आणि निघालं काय तर लिमिटर. लिमिटर नसला तरी प्रत्येक लेन्सचं किमान फोकस अंतर असतंच, त्याच्या आत गेलात की ती कितीही फिरली तरी लॉक होणार नाही. एक पाऊल मागे या आणि बघा.

दुसरं म्हणजे बॅक बटण फोकस. कॅमेरा सेकंडहँड घेतलाय किंवा कुणाला वापरायला दिला होता, तर शटर बटणावरून फोकस काढून मागच्या बटणावर टाकलेला असू शकतो, मग हाफ प्रेस करून, म्हणजे शटर बटण अर्धंच दाबून, काहीच होत नाही आणि आपल्याला वाटतं कॅमेरा गेला. मेनूत शोधत बसण्यापेक्षा सरळ सेटिंग रिसेट मारा, फक्त आधी आपली सेटिंग कुठेतरी टिपून ठेवा.

मग फोकस मोड. एएफ-एस म्हणजे कॅननवाल्यांचा वन शॉट, हा एकदा लॉक झाला की झाला, नंतर माणूस पुढे सरकला तर कॅमेऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत या मोडमध्ये फोकस लागल्याशिवाय शटरच पडत नाही, लोकांना वाटतं बटण खराब झालं. उलट एएफ-सी किंवा कॅननच्या एआय सर्व्होत, म्हणजे सतत फोकस करत राहणाऱ्या मोडमध्ये, बऱ्याचदा फोकस लागलेला नसला तरी शटर पडतं, आणि अंधारात मदतीला लागणारा तो छोटा फोकस लॅम्प या मोडमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांत लागतच नाही. त्यात फोकस एरिया (फ्रेममध्ये कुठे फोकस करायचा ते) ऑटोवर असेल तर जे जवळ असेल, ज्यात कॉन्ट्रास्ट असेल ते कॅमेरा स्वतःच उचलतो. तपासताना एएफ-एस, मधला एकच पॉइंट, बस.

फोकसला कॉन्ट्रास्ट लागतो हे आपण विसरतो. कोरी भिंत, धुकं, काळा शर्ट यावर नवाकोरा कॅमेराही चाचपडतो. काही सेन्सर एकाच दिशेच्या रेघा नीट वाचतात, म्हणून खिडकीच्या पट्ट्यांवर फोकस लागत नसेल तर कॅमेरा थोडा तिरका धरा, लॉक करा, पुन्हा सरळ करा. दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे प्रकाश अडवणारा काळा फिल्टर, लावला की प्रकाश हजाराव्या भागावर येतो, तिथे आधी फोकस करून एमएफवर टाकायचं आणि मग फिल्टर चढवायचा. चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर जुना, लिनिअर असेल तर तो डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) फोकसला गंडवतो, सर्क्युलर हवा. आणि एफ ४ च्या लेन्सला फोकल लेंथ दुप्पट करणारा २ एक्स कन्व्हर्टर लावला तर ती एफ ८ होते, बऱ्याच डीएसएलआरचा फोकस एफ ५.६ पर्यंतच भरवशाचा असतो, तेव्हा तिथे बिचाऱ्या लेन्सला शिव्या घालू नका.

हे सगळं करूनही रडगाणं चालूच असेल तर मग खरी तपासणी. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर ठळक अक्षरांचं पान, उजेड भरपूर. फोकस रिंग फिरवून दर वेळी मुद्दाम फोकस बिघडवायचा आणि हाफ प्रेस करायचं, दहा वेळा जवळून, दहा वेळा लांबून. झूम असेल तर वाइडला, मध्ये आणि फुल झूमला वेगवेगळं. मग दुसरी लेन्स लावून तेच, आणि जमलं तर हीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं तेच कळत नाही. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरने आणि लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) दोन्हीकडून करा, कारण व्ह्यूफाइंडरवेळी आरशाखालचा वेगळा एएफ सेन्सर काम करतो आणि लाइव्ह व्ह्यूत मेन सेन्सर. लाइव्ह व्ह्यूत नीट आणि व्ह्यूफाइंडरने गडबड, तर लेन्सवर संशय कमी, आरसा किंवा तो खालचा सेन्सर बघायला हवा. त्यावर धूळ असेल तर कॅमेरा उलटा धरून हातपंप ब्लोअरने हवा मारा, डब्यातला कॉम्प्रेस्ड एअर नको. दोन्हीकडे गडबड असेल तर लेन्स किंवा कॉन्टॅक्ट.

कॉन्टॅक्ट म्हणजे माउंटवरचे ते सोनेरी ठिपके, लेन्स आणि बॉडीचं सगळं बोलणं तिथून चालतं. कॅननने १९८७ मध्ये ईओएस आणलं तेव्हापासून त्यांच्या लेन्सची फोकस मोटर लेन्समध्येच असते आणि वीज, आदेश सगळं या ठिपक्यांतूनच जातं, तिथे घामाचा किंवा तेलाचा हात लागला की संपलं. स्क्रीनवर एरर ०१ येत असेल तर तोच इशारा आहे. कॅमेरा बंद करा, लेन्स काढा, धागे न सुटणाऱ्या कोरड्या मऊ कापडाने पुसा, फारच चिकट असेल तर कापडावर, कापडावरच, आयसोप्रोपिलचा एक थेंब. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगवर असतात, दाबू नका. खोडरबर घासायचा सल्ला बरेच जण देतात, मला पटत नाही, त्याचा चुरा आत पडतो आणि वरचा मुलामाही घासला जातो.

आता खरा छुपा रुस्तम, झूम लेन्समधली फ्लेक्स केबल. झूम फिरवताना ही पट्टी दर वेळी वाकते, वर्षानुवर्षांनी तिला बारीक चीर जाते, आणि मग २४ मिमीवर फोकस लागतो, ५० च्या आसपास मरतो, ७० ला पुन्हा जिवंत. एक्झिफमध्ये असा पॅटर्न दिसला ना तर घरी काही करायचं नाही, केबल बदलायलाच लागते.

बॅटरी मात्र लगेच बघून घ्या, अर्धमेली बॅटरी जड लेन्स ढकलताना मान टाकते. फर्मवेअर अपडेट करून टाका. आणि मेनूतल्या मायक्रो अ‍ॅडजस्टमेंटला, म्हणजे फोकस किंचित पुढेमागे सरकवायच्या सेटिंगला, हात लावू नका. फोकस दर वेळी ठरावीक अंतर पुढे किंवा मागे पडत असेल तर ते औषध, कधी लागतो कधी नाही याला ते म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

शेवटी सर्व्हिसला द्यायची वेळ आलीच तर बॉडी आणि लेन्स दोन्ही द्या, चुकलेले फोटो कार्डात ठेवा, आणि कागदावर लिहा, अमुक लेन्स, अमुक झूम, दहातून इतक्या वेळा चुकते. 'कधीकधी लागत नाही' एवढंच लिहिलंत तर 'तपासलं, दोष आढळला नाही' असं लिहून परत येईल.