मोटरमन व्हायचंय? मग आमच्या काकांबद्दल वाचा

आमचे काका मागच्या पावसाळ्यात गेले. मध्य रेल्वेत मोटरमन होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती तरी कुर्ल्यातली पोरं त्यांनाच विचारायला यायची की काका, लोकल चालवायला काय करावं लागतं. आता ती माझ्याकडे येतात, मी पण असिस्टंट लोको पायलट आहे ना, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

थेट मोटरमनची भरती निघत नाही. रेल्वे भरती बोर्डाची एएलपीची, म्हणजे असिस्टंट लोको पायलटची (इंजिन ड्रायव्हरच्या मदतनिसाची) परीक्षा द्यायची, दहावी आणि आयटीआय नाहीतर डिप्लोमा लागतो, मग दोन सीबीटी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या परीक्षा, मग सीबॅट म्हणजे कॉम्प्युटरवरची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. सीबीटीत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, सीबॅटमध्ये कापत नाहीत, पण तिथे प्रत्येक टेस्टला किमान 42 टी-स्कोअर (बाकीच्यांच्या तुलनेत काढलेले मार्क) पाहिजेच, एकात कमी आला की बाहेर, कॅटेगरी कुठलीही असो. मेडिकल ए-वन, म्हणजे चष्म्याशिवाय 6/6, आणि लेसिक केलेलं चालत नाही. क्लासची फी भरायच्या आधी डोळे तपासून घ्या बाबांनो. नंतर आधी मालगाड्या, घाट, रात्री-बेरात्रीची ड्युटी, आणि मग कुठे लोकलचा नंबर लागतो. काका पण असेच वर आले.

आता जे कुठल्याच गाईडमध्ये नसतं ते, म्हणजे झोप. मोटरमनला ते डेडमॅन हँडल दाबून धरावं लागतं, हात सुटला की इमर्जन्सी ब्रेक लागतो आणि गाडी उभी. पण डोळे उघडे ठेवून माणूस पेंगतो त्याला कुठलं हँडल पकडणार? काका झोपेच्या बाबतीत भयंकर कडक. पहाटेचं साइन ऑन, म्हणजे ड्युटीवर हजर व्हायचं, असलं की पत्त्यांचा डाव रंगात आला असला तरी पानं खाली ठेवून उठायचे, कोणी कितीही आग्रह करू दे. अनंत चतुर्दशीला रात्री विसर्जनाच्या स्पेशल लोकल सोडतात ना, त्या ड्युट्या ते स्वतःहून मागून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरात कोणी भांडं वाजवलं तर काकूच अंगावर यायची.

पण उठले की मग बघायचं. स्वतः बाजारातून बांगडे आणणार, स्वतः साफ करणार, सगळ्या पोरांना कॅरमला बसवून वर क्वीन चोरणार. माझ्या बहिणीच्या हळदीत माइक हातात घेऊन थेट अनाउन्समेंट, "कृपया लक्ष द्या, पंगत क्रमांक दोनवर येणारी जिलेबी पंधरा मिनिटं उशिराने धावत आहे, असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे", आचारी सुद्धा हसून हसून बसला. दारूला मात्र कधी शिवले नाहीत, लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लावतात तिथे, साइन ऑन करताना फुंकर मारायचं मशीन असतंच, पण ते यायच्या आधीपासूनची सवय.

एकच गोष्ट मला त्यांची पटली नाही. गाडीखाली कोणी आलं की त्या दिवशी घरी येऊन आंघोळ करायचे आणि गप्प, एक शब्द नाही. त्या पिढीत कोणी विचारायचं पण नाही. तुमच्यावर ती वेळ येणार, लोकलवर येतेच, तेव्हा कोणाशी तरी बोला, लॉबीतल्या सीनियरशी बोला, बायकोशी बोला, पण आत ठेवू नका.

आणि लग्न ठरवताना ड्युटीबद्दल सगळं खरं सांगा. काका तेव्हा मालगाडीवर होते, ड्युटीचं बोलावणं घेऊन माणूस घरी यायचा. बघायच्या कार्यक्रमातच त्यांनी काकूला सांगितलं होतं म्हणे, रात्री दोन वाजता दार वाजलं तर घाबरायचं नाही, चोर नाही, रेल्वेचा कॉलमन असेल, त्याला चहा द्यायचा आणि मला उठवायचं. काकू म्हणते, सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात दार वाजलं, आणि तिने चहा आधी टाकला, ह्यांना नंतर उठवलं.